ओंडक्यावरची बुरशी जाळायची की राहू द्यायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरात विजापूर रोडच्या एका सोसायटीत मे महिन्यातल्या वळवाच्या वादळात गुलमोहर पडला. त्याचे ओंडके कंपाउंडच्या भिंतीलगत रचून ठेवले, बुंधा जमिनीतच राहिला. उत्तरा आणि हस्ताचा पाऊस झाल्यावर ओंडक्यांवर पांढरट केसाळ पंखे, भडक नारिंगी चकत्या आणि काळे टणक गोळे उगवले. एका ठिकाणी पिवळा फेस सांडल्यासारखं काहीतरी पसरलं. त्याच सुमारास जवळच्या जुन्या कडुनिंबाच्या बुडाशी तपकिरी, लाख लावल्यागत चकचकीत, जाडजूड असं काहीतरी बाहेर आलं. सोसायटीतले काहीजण म्हणतात, सगळं जाळून टाका, नाहीतर बाकीची झाडं जातील आणि दारं-खिडक्यांनाही ते लागेल. प्रश्न विचारणाऱ्यांच्या मुलाची काळजी वेगळीच: यातलं काही खाता येतं का?

आधी सरळ उत्तर देतो. ओंडके जाळू नका. त्यावरचं काही खाऊ नका. आणि सगळ्यांचं लक्ष ओंडक्यांवर आहे ते तिथून काढून कडुनिंबाच्या बुडाकडे आणि गुलमोहराच्या जमिनीत राहिलेल्या बुंध्याकडे वळवा. काळजीचं जे काही आहे ते तिथं आहे.

झाडांच्या रोगांचं काम करणारा माणूस लाकडावर बुरशी दिसली की एकच गोष्ट आधी विचारतो: बुरशी आली म्हणून लाकूड मेलं, की लाकूड मेलं म्हणून बुरशी आली? पुढचा सगळा सल्ला या उत्तरावर ठरतो.

'जाळून टाका' हा सल्ला आपल्या जिल्ह्यात कुठून येतो ते मला ठाऊक आहे. तो डाळिंबाच्या बागेतून येतो, आणि तिथं तो बरोबर आहे. डाळिंबाला मर लागते तेव्हा सेरॅटोसिस्टिस फिम्ब्रिएटा नावाची बुरशी जिवंत झाडाच्या लाकडात शिरते, पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या बंद करते. फांदी पिवळी पडते, मग अख्खं झाड वाळतं. खोड आडवं कापलं की आत काळपट-करडा डाग दिसतो. खोड पोखरणारे बारीक भुंगेरे तिचा प्रसार करायला हातभार लावतात. असं झाड बागेत पडून राहिलं तर शेजारच्या झाडांना धोका असतो, म्हणून ते मुळासकट काढून जाळायचं. ज्यांची एक एकर जरी बाग मरीने गेली आहे त्यांना लाकडावरची बुरशी म्हटली की काडेपेटी आठवते, यात नवल नाही. पण तिथं बुरशी आधी आली आणि लाकूड नंतर मेलं. तुमच्या ओंडक्यांचं उलटं आहे. गुलमोहर मेपर्यंत उभा होता, पडला, करवतीखाली गेला, आणि मग त्यावर हे लोक जमले. मेलेल्या लाकडावर जगणाऱ्या या बुरश्या आहेत. धडधाकट जिवंत झाडाची साल ओलांडून आत जाणं त्यांना सहसा जमत नाही.

आता एकेकाकडे बघू.

पांढरट केसाळ पंखे म्हणजे शायझोफायलम कम्यून, हे वर्णनावरूनच जवळजवळ नक्की सांगता येतं. खात्री करायची असेल तर एक पंखा उलटा करून बघा. खालच्या बाजूला करड्या-गुलाबी पाकळ्या पंख्यासारख्या पसरलेल्या दिसतील आणि प्रत्येक पाकळी लांबीत मधोमध चिरलेली असेल. ही चीर आपल्या हवेत फार कामाची. ऊन पडलं, हवा कोरडी झाली की चिरलेल्या पाकळ्यांच्या कडा बाहेरच्या बाजूला वळतात आणि बीजाणू तयार करणारा नाजूक पृष्ठभाग आत झाकला जातो. पंखा सुकून कडक होतो, बोटानं चुरडेल इतका. पुढचा पाऊस आला की काही तासांत तोच पंखा पुन्हा उघडतो आणि बीजाणू सोडायला लागतो. नवीन उगवावं लागत नाही. सोलापूरला वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस, तोही खंड पडत पडत, आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा सप्टेंबरात. दोन पावसांच्या मध्ये पंधरा-वीस दिवस कडक ऊन ही इथली रीतच आहे. ज्या बुरशीला सुकून पुन्हा जागं होता येतं तिलाच इथल्या उघड्या ओंडक्यावर संसार करता येतो. महाबळेश्वरच्या जंगलात पडलेल्या झाडावर जे मांसल, नाजूक प्रकार दिसतात ते इथं शोधू नका.

याच बुरशीची अजून एक गंमत, मुलासाठी. प्राण्यांत नर आणि मादी असे दोन प्रकार; या बुरशीत जोडी जमण्याच्या दृष्टीनं २३ हजारांहून अधिक प्रकार मोजले गेले आहेत. म्हणजे वाटेत भेटलेला जवळजवळ कुठलाही परका तंतू हिचा जोडीदार होऊ शकतो. अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांवर ती पसरली आहे, त्याचं एक कारण हेही असावं.

भडक नारिंगी चकत्या म्हणजे पिक्नोपोरस सँग्विनिअस. खाली पाकळ्या नसतात, बारीक छिद्रं असतात, सुईनं टोचल्यासारखी. हिला ऊन आवडतं असं म्हणायला हरकत नाही. साल निघालेल्या, उघड्यावर तापणाऱ्या लाकडावर ती हमखास दिसते. विजापूर रोडलाच सिद्धेश्वर वनविहारात पावसाळ्याच्या शेवटी फेरी मारली तर वाळक्या फांद्यांवर हा रंग लांबूनही नजरेत भरतो. बघा, फोटो काढा, तोडू नका. ती वनखात्याची जागा आहे.

काळे टणक गोळे डाल्डिनिया असणार. एक गोळा सुरीनं उभा कापा. आत करड्या आणि काळ्या वर्तुळांचे थर दिसले की ओळख पक्की. हाताला काळी पूड लागते, ते बीजाणू. हे गोळे बीजाणू मुख्यतः रात्री उडवतात आणि त्यासाठी लागणारं पाणी स्वतःच्या आत साठवून ठेवतात. तोडून घरात टेबलावर ठेवलेला गोळाही कित्येक रात्री बीजाणू उडवत राहतो आणि खालचा कागद काळा होतो. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला यासारखा फुकटचा प्रयोग नाही. फक्त गोळा काचेच्या बरणीखाली झाकून ठेवा, अभ्यासाच्या खोलीत उघडा नको.

पिवळा फेस ही बुरशीच नव्हे. तो श्लेष्मकवक आहे, अमीबाच्या गोतावळ्यातला जीव. कुजक्या लाकडावरचे जिवाणू खात सरकतो, दोन-तीन दिवसांत सुकून पूड होतो. लाकडाला, झाडाला काही करत नाही. त्याच्याबद्दल जास्त लिहीत नाही.

आता हे सगळे तिथं करताहेत काय, ते समजून घ्या, कारण 'घराला लागेल का' याचं उत्तर त्यात आहे. तुम्हाला वर दिसतात ती नुसती फळं. खरी बुरशी लाकडाच्या आत पांढऱ्या तंतूंच्या जाळ्यात पसरलेली असते आणि फळ दिसायच्या आधी कित्येक महिने कामाला लागलेली असते. म्हणून वरचे पंखे खरवडून काढले, त्यावर फिनेल ओतलं, चुना मारला, तरी आतलं काम थांबत नाही.

लाकूड मुख्यतः दोन गोष्टींचं बनलेलं: सेल्युलोजचे लांब धागे आणि त्यांना घट्ट धरून ठेवणारं लिग्निन. स्लॅबमधल्या सळया आणि त्याभोवतीचं काँक्रीट, असं समजा. सळया खाणारे बरेच आहेत, पण हे काँक्रीट फोडणं जगात फार थोड्यांना जमतं. तुमच्या ओंडक्यावरच्या बहुतेक बुरश्या श्वेतकुज करणाऱ्या आहेत, म्हणजे त्या लिग्निनही फोडतात. मागे उरतं ते पांढरट, हलकं, धागेदार लाकूड, नखानं ओढलं तर निघेल असं. दुसरी जात तपकिरी कुज करणाऱ्यांची. त्या सेल्युलोज खाऊन लिग्निन जवळजवळ तसंच सोडतात, त्यामुळे लाकूड तपकिरी पडतं आणि चौकोनी तुकड्यांत तडकतं. ही दुसरी कुज पाइन-देवदारासारख्या झाडांत जास्त. सोलापुरात ती बघायची असेल तर पॅकिंगच्या पाइन खोक्याच्या फळ्या पावसात पडलेल्या असतील तिथं बघा.

लिग्निन फोडणारी विकरं, म्हणजे एन्झाइम, शास्त्रज्ञांच्या हाती लागली ती फार जुनी गोष्ट नाही. त्यातलं एक महत्त्वाचं विकर, लिग्निन पेरॉक्सिडेज, १९८३ साली सापडलं. याच कामाचं दुसरं विकर लॅकेज. पिक्नोपोरस ते भरपूर बनवते. लिग्निनची रचना आणि कापडाच्या अनेक रंगांची रचना यांत साम्य असल्यामुळे लॅकेज कापडाचा रंगही फोडतं. जीन्सला जुनकट रूप देण्यासाठी ते कारखान्यांत वापरलं जातं आणि रंगाच्या सांडपाण्यावर त्याचे प्रयोग सतत चालू असतात. चादरी आणि टॉवेलच्या या गावात, जिथं रंगाच्या पाण्याचं काय करायचं हा जुना प्रश्न आहे, तिथं भिंतीलगतच्या ओंडक्यावर नारिंगी चकती बघून नाक मुरडणाऱ्यांना हे सांगावंसं वाटतं.

तर घराला लागेल का? नाही, जोपर्यंत घरातलं लाकूड कोरडं आहे तोपर्यंत नाही. लाकडातलं पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांखाली असलं की कुजवणारी बुरशी त्यात वाढू शकत नाही. नीट कुजायला साधारण ३० टक्के किंवा वर ओल लागते. सोलापूरच्या घरातली दारं-चौकटी वर्षातला बराच काळ या मर्यादेच्या खूप खाली असतात. बीजाणू हवेत सगळीकडे आहेतच, ओंडके जाळल्यानं ते संपणार नाहीत. बाथरूमची चौकट खालून कुजते, गच्चीच्या गळतीखालची तुळई कुजते, ती पाण्यामुळे. गळती काढा, बुरशी आपोआप थांबते. पाणी फार झालं तरी कूज थांबते, कारण बुरशीला हवाही लागते. बांधावरचा बाभळीचा खांब आठवा. वरचा भाग वाळून टणक, खोल जमिनीतला भागही बऱ्यापैकी शाबूत, आणि मोडतो तो बरोबर जमिनीलगत, जिथं ओल आणि हवा दोन्ही मिळतात. शेतकऱ्याला हे सांगायला कुणी लागत नाही.

घराच्या लाकडाला आपल्याकडे खरा धोका वाळवीचा. आणि ओंडके भिंतीला टेकवून ठेवू नका असं मी सांगतो ते बुरशीसाठी नव्हे, वाळवीसाठी. यातही बुरशीची एक शाखा गुंतलेली आहे. आपल्या माळावरची वारूळ करणारी वाळवी लाकूड खाते, पण ते पूर्ण पचवायला तिला टर्मिटोमायसिस नावाची बुरशी लागते. चघळलेल्या लाकडाचे स्पंजासारखे गड्डे ती वारुळात रचते, त्यावर ही बुरशी वाढवते आणि मग ते खाते. माणसानं पहिलं पेरणं केलं त्याच्या कितीतरी आधीपासून, सुमारे ३ कोटी वर्षं, ही शेती चालू आहे. पावसाळ्यात वारुळावर जी मोठी अळंबी उगवते ती या शेतीतलीच. माळरानावर, नान्नजच्या बाजूला, वारुळांवर कधी कधी उंच, न उघडणारी पांढरी-तपकिरी दांडकी उभी दिसतात. ती पोडॅक्सिस, निराळी जात, कोरड्या मुलखातली.

आता मुख्य मुद्दा, कडुनिंब.

तपकिरी, लाखेसारखं चकचकीत, बुडालगत, कडेला पांढरट-पिवळी किनार, आणि आजूबाजूच्या पानांवर कोकोसारखी तपकिरी पूड. हे सगळं असेल तर ते गॅनोडर्मा आहे. औषधी म्हणून बाजारात याच गोतावळ्यातल्या जातींच्या कॅप्सूल महागानं विकल्या जातात, म्हणून काहींना ते उगवलं की आनंद होतो. झाडवाल्याला होत नाही. ही बुरशी मेलेल्या लाकडावरही जगते आणि जिवंत झाडाच्या मुळांत आणि बुडात शिरून त्याला आतून पोकळही करते. तमिळनाडूत तंजावर जिल्ह्यात १९५२ साली नारळाच्या बागा ज्या रोगानं जायला लागल्याची नोंद झाली तो याच गॅनोडर्माचा. आपल्याकडे गुलमोहर, बाभूळ, शिसव, कडुनिंब, सगळ्यांवर ती दिसते.

झाडाला जखम झाल्यावर काय होतं हे अमेरिकी वनवैज्ञानिक ॲलेक्स शिगो यांनी हजारो झाडं उभी चिरून दाखवून दिलं. झाड जखम भरून काढत नाही. कुजलेला भाग ते भिंती घालून वेगळा पाडतं आणि त्याच्या बाहेर नवीन लाकूड वाढवत राहतं. म्हणून पोकळ वडही शंभर वर्षं उभा राहतो. झाडात भिंती घालायची ताकद असली, पाणी आणि पानं पुरेशी असली, तर गॅनोडर्मासुद्धा बरीच वर्षं आत अडकून राहते. ताकद संपली की भिंती ढासळतात. ज्वारीतला खडखड्या आपल्या लोकांना माहीत आहे: रब्बीत दाणे भरताना जमिनीतली ओल संपली, पीक ताणावर आलं, की तीच मातीतली बुरशी ताट आतून पोकळ करते आणि पीक आडवं होतं. ओल राहिली त्या वर्षी बुरशी तिथंच असते, पण पीक उभं राहतं. कडुनिंबाचा हिशेब फार वेगळा नाही, फक्त तो महिन्यांऐवजी वर्षांत चालतो.

म्हणून मला तुमच्याकडून हे जाणून घ्यायचं आहे. गेल्या पाच-सात वर्षांत या कडुनिंबाजवळ ड्रेनेजचा किंवा केबलचा चर खणला होता का? बुंध्याला टेकून पेव्हर ब्लॉक किंवा सिमेंट घातलंय का? बुडाशी कचरा जाळतात का? नव्वद टक्के ठिकाणी यातल्या एकाचं तरी उत्तर 'हो' येतं. मुळं त्या वेळी तुटली, बुरशी तिथून शिरली, फळ आत्ता दिसलं. लोक मात्र म्हणतात, यंदाच्या पावसात झाडाला काहीतरी झालं.

पुढची पाहणी तुम्हीच करू शकता. लाकडी हातोडीनं बुंध्याभोवती गुडघ्याच्या उंचीपासून खाली ठोकत जा. भरीव आवाज कुठं बदलून पोकळ होतो ती जागा खडूनं आखा. बुडाजवळची माती हातानं बाजूला करून जाड मुळं बघा. पेचकस टोचला आणि तो लोण्यात गेल्यासारखा आत गेला तर ते मूळ गेलेलं आहे. वर शेंड्याकडे बघा: पालवी दाट आहे की फांद्यांची टोकं उघडी? इथं एक घोटाळा टाळा. कडुनिंबाची नुसती शेंड्याकडची टोकं तपकिरी होऊन वाळणं हा फोमॉप्सिस नावाच्या दुसऱ्याच बुरशीचा रोग असू शकतो. दक्षिण भारतात तो बराच पसरला आहे आणि अशी झाडं पुन्हा फुटतातही. त्याचा बुडाशी असलेल्या गॅनोडर्माशी संबंध नाही. आणि शेवटी, झाड एका बाजूला कललं आहे का, कलाच्या उलट बाजूला मातीत भेग पडली आहे का, हे बघा. भेग ताजी असेल तर त्या बाजूला गाड्या लावणं आणि मुलांचं खेळणं आजच बंद करा.

परिघाच्या थोड्या भागातच पोकळ आवाज येत असेल आणि शेंडा दाट असेल, तर झाड तोडायची घाई नको. बुंध्याभोवतीचं सिमेंट फोडून निदान चार-पाच फूट माती मोकळी करा, उन्हाळ्यात महिन्यातून दोनदा भरपूर पाणी द्या, पण ते बुंध्याला लागून न देता फांद्यांच्या घेराखाली. वजन कमी करायला जाणत्या माणसाकडून लांब आडव्या फांद्या थोड्या हलक्या करून घ्या. पोकळीत सिमेंट भरू नका, डांबर फासू नका, मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावून निश्चिंत होऊ नका. आत शिरलेल्या गॅनोडर्माला बाहेरून लावलेलं काहीही पोचत नाही. फळ खरवडून काढलं तर निदान बीजाणू कमी पडतील, बाकी फायदा शून्य, आणि खूण मात्र हातची जाते. मी तर ती राहू देतो, दरवर्षी ती वाढतेय की नाही ते कळतं.

निम्म्याहून जास्त परिघ पोकळ, शेंडा विरळ, आणि खाली रस्ता किंवा घर असेल, तर झाड काढायला हवं. तेव्हाही स्वतःहून कुऱ्हाड घालू नका. शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे, परवानगी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडून घ्यावी लागते. अर्जाला बुडाशी असलेल्या बुरशीचे, पोकळ भागाच्या खडूच्या रेघेचे आणि मातीतल्या भेगेचे फोटो जोडा. 'झाड धोकादायक आहे' या एका वाक्यापेक्षा त्यांचा उपयोग जास्त होतो.

आता गुलमोहराचा बुंधा. तो पडला तेव्हा मुळं कशी होती, कुणी पाहिलं का? मुळं लांब, चिवट, मातीसकट उपटून आली असतील तर नुसत्या वाऱ्यानं आणि उथळ मुळांमुळे पडला. गुलमोहराचं ते नेहमीचंच. पण मुळं आखूड, गाजरासारखी तुटलेली, आत पांढरी मऊ, असं असेल तर गुलमोहरालाही गॅनोडर्माच होती आणि ती आता जमिनीतल्या बुंध्यात आणि मुळांत जिवंत आहे. ही बुरशी बीजाणूंपेक्षा मुळाला मूळ टेकून शेजारी जाते. म्हणजे तुमच्या आवारात जाळण्या-काढण्यासारखं काही असेल तर ते ओंडके नव्हेत, हा बुंधा. तो आणि त्याची मनगटाएवढी मुळं कडुनिंबाच्या मुळांना धक्का न लावता खणून काढा. दोघांच्या मध्ये चर मारा असा सल्ला नारळ-सुपारीच्या बागेत देतात, पण इथं त्या चरानं कडुनिंबाचीच मुळं तुटतील, तेव्हा तो उपाय नको. त्या खड्ड्यात पुन्हा गुलमोहर लावू नका.

ओंडक्यांचं काय करायचं? जळणासाठी हवे असतील तर फोडा, साल काढा, विटांवर उचलून ठेवा, वरून पत्रा टाका, बाजू उघड्या ठेवा. पांढरे, हलके पडलेले तुकडे जळणातून बाजूला काढा. त्यांत जाळण्यासारखं फारसं उरलेलं नसतं, नुसता धूर. जळण नको असेल तर भिंतीपासून आणि कडुनिंबाच्या बुंध्यापासून लांब, बागेच्या सावलीच्या कोपऱ्यात आडवे टाका आणि विसरून जा. गुलमोहराचं लाकूड मऊ, आपल्या हवेतही काही पावसाळ्यांत त्याचा भुसा होईल आणि मातीला लागेल. अर्धवट कुजलेला भुसा रोपांच्या आळ्यात मिसळू नका, वरून पसरा. लाकडात नत्र फार कमी असतं, म्हणून ते कुजवणाऱ्या बुरश्या मातीतलं नत्र ओढून घेतात आणि रोपं पिवळी पडतात. पावसाळ्यानंतर ओंडका हातानं उलटू नका, काठीनं उलटा. त्याखाली विंचू किंवा फुरसं असण्याची शक्यता सोलापुरात कायम धरायची. कुजकं लाकूड फोडताना तोंडावर फडकं बांधा. दम्याच्या माणसानं हे काम करूच नये, बीजाणूंची पूड त्रास देते. शायझोफायलम तर प्रतिकारशक्ती खचलेल्या माणसाच्या सायनस किंवा फुप्फुसात वाढल्याची उदाहरणं आहेत, क्वचित, पण आहेत.

राहिला मुलाचा प्रश्न. शायझोफायलम मणिपुरात भाजीला वापरतात, तिथं तिला कांगलायेन म्हणतात आणि बाजारात विकतात. पण तिथल्या बायकांना ती पिढ्यान्‌पिढ्या ओळखू येते. तुमचा ओंडका कंपाउंडच्या भिंतीलगत पडलेला, भिंतीवर कधी कीटकनाशक फवारलेलं असू शकतं, शेजारी गाड्यांचा धूर. चिवटही असते, रबरासारखी. नारिंगी चकत्या आणि काळे गोळे दातांनी तुटणारच नाहीत. लाकडावरच्यापेक्षा जास्त भीती मला सोसायटीच्या हिरवळीवर पाऊस झाल्यावर उगवणाऱ्या मोठ्या पांढऱ्या छत्र्यांची वाटते. त्यातली एक, क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस, दिसायला अगदी खाण्याच्या अळंबीसारखी, पण पिकल्यावर खालच्या पाकळ्या हिरवट होतात. खाल्ली की काही तासांत भयंकर उलट्या-जुलाब. चांदीचं नाणं काळं पडतं का बघणं, लसूण टाकून बघणं, किडे खातात म्हणजे चालते असं मानणं, या सगळ्या परीक्षा खोट्या आहेत. चुकून कुणी खाल्लीच तर उरलेला तुकडा कागदात गुंडाळून घेऊन लगेच दवाखाना गाठा. सहा-आठ तासांनी उशिरा सुरू झालेल्या उलट्या लवकर सुरू झालेल्यांपेक्षा जास्त वाईट, कारण यकृताला मारणारी विषं उशिरा बोलतात.

मुलाला लाकूड खाणारी बुरशी ताटात हवीच असेल तर धिंगरी, म्हणजे ऑयस्टर अळंबी, लावा. तीही मुळात लाकडावरचीच. डिसेंबर-जानेवारीत आपली हवा तिला मानवते. गव्हाचं काड किंवा सोयाबीनचं भुसकट भिजवून, गरम पाण्यातून काढून, निथळून, खात्रीच्या ठिकाणचं स्पॉन (अळंबीचं बियाणं) मिसळून प्लॅस्टिकच्या पिशवीत भरा, भोकं पाडा, अंधाऱ्या खोलीत ठेवा. पांढरं जाळं पूर्ण पसरलं की पिशवी कापून दिवसातून दोन-तीनदा पाणी फवारा. ज्वारीचा कडबा वापरू नका, तो जनावराला द्या, त्याची किंमत जास्त आहे. आणि मुलाला हे सांगा की नत्राची टंचाई भागवायला ही धिंगरी सूत्रकृमींना, म्हणजे धाग्यासारख्या अतिसूक्ष्म कृमींना, विषाच्या थेंबानं लुळं करून खाते. कुणा डाळिंबवाल्या आजोबांना सूत्रकृमी म्हणजे काय ते विचारलं तर ते तासभर बोलतील.

मला पुढचं सांगायचं असेल तर तीन फोटो पाठवा: कडुनिंबाच्या बुडाशी असलेल्या बुरशीचा खालून, बाजूला पट्टी ठेवून, गुलमोहराच्या तुटलेल्या मुळांचा, आणि कडुनिंबाच्या शेंड्याचा, लांबून. मातीत भेग दिसली तर फोटोची वाट न बघता अर्ज करा. बाकी ठिकाणी घाई नाही, पण ठोकून बघण्याचं आणि सिमेंट फोडण्याचं काम मार्चच्या आत उरका. एप्रिलपासून वळवाचे वारे सुरू होतात.